धुळीचा कण आणि पावसाचा थेंब



गारखेड्यातील आमच्या वर्गात सकाळी उन्हाची तिरीप येते आणि तिच्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. एकदा एका मुलीने विचारले, "सर, हे कण शेवटी जातात कुठे?" त्या प्रश्नाचे उत्तर आज आपणापुढे ठेवतो.

दिसतात ते कण मोठे. खरी किमया न दिसणाऱ्या कणांची आहे. चूल, मोटारी, जळता कचरा यांतून धुराबरोबर वायूही निघतात. उन्हात त्यांच्यावर रासायनिक क्रिया होऊन नवे कण जन्मतात. जन्मतः असा कण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा असतो. पुढे त्यावर इतर वाफा साचतात, कण एकमेकांना चिकटतात आणि एक-दोन दिवसांत तो शंभरपट जाड होऊ शकतो.

हवेतील बाष्प अशाच कणांवर बसते आणि ढगातील सूक्ष्म थेंब तयार होतात. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले म्हणजे पावसाचा एक थेंब! मात्र कण फार झाले की तेवढेच पाणी अनेकांत वाटले जाते, थेंब बारीक राहतात आणि पाऊस लांबू शकतो.

2015 व 2019 साली कृत्रिम पावसासाठी आपल्याच शहरातून विमाने उडाली, हे आपणास आठवत असेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर भागात 2018 व 2019 मध्ये केलेल्या प्रयोगात पाऊस सुमारे 18 टक्के वाढल्याचे आढळले. पण त्यासाठी आधी योग्य ढग हवेत. कोऱ्या आकाशातून पाऊस पाडता येत नाही.

हेच बारीक कण श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जातात. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 5 सुचविली. म्हणून माझी विनंती आहे, गल्लीत कचरा व प्लॅस्टिक पेटवू नका. त्या धुराजवळ आपलीच लेकरे खेळत असतात.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. तिला पुढे विज्ञान शाखेला घालावे का, असे तिच्या अब्बांनी मला परवा विचारले. मी म्हणालो, "भाईसाहेब, प्रश्न तिला पडला आहे. उत्तर शोधायला तिला पाठवा." आपणा सर्वांनाही माझे हेच सांगणे आहे.