निकालाच्या दिवशी जे आले नाहीत

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषण)

 

आत्ताच यादी वाचून झाली. ९१ टक्के, ८८ टक्के, ८४ टक्के. टाळ्या झाल्या, फोटो झाले. आम्हाला आनंद झालाच, तो का होणार नाही? पण खरं सांगायचं तर यादी चालू असताना आमचं लक्ष दाराकडे होतं. कोण आलंय ते दिसत होतं. कोण आलेलं नाही ते आम्ही मोजत होतो. ही सवय आम्हाला १९७५ सालापासून लागली. ती का लागली, तेवढंच आज सांगायचं आहे.

आम्ही म्हणजे डिलाईल रोडच्या, आताच्या ना. म. जोशी मार्गावरच्या बी.डी.डी. चाळीतली त्या वर्षीची एसएससीची मुलं. बोलायला इथे एकजण उभा आहे, पण बोलतो आहे तो सगळ्यांच्या वतीने. दहावीला आम्ही पाचजण होतो, चार मुलगे आणि एक मुलगी. आणि आमच्यापैकी एकाचा मोठा भाऊ अकरावीला होता. आता तरुण मंडळी म्हणतील, अकरावीला एसएससी कशी? तर तेव्हा नवी पद्धत आली होती. जुन्या पद्धतीत अकरावीला एसएससी व्हायची, नव्या पद्धतीत दहावीला. १९७५ साली जुन्यांची अकरावी आणि नव्यांची दहावी, दोन्ही एकाच वर्षी आल्या. त्यामुळे एकाच खोलीतले दोन भाऊ एकाच वर्षी एसएससीला बसले. त्यांची आई म्हणायची, "माझ्या घरात यंदा दोन लग्नं हायेत."

खोली १६० चौरस फुटांची. माणसं आठ, कुठे दहा. वडील रात्रपाळी करून आले की त्यांना दिवसा झोप पाहिजे, मग आम्ही पॅसेजमध्ये बसायचो. पॅसेजमध्ये नळाची भांडणं. मैदानात क्रिकेट. राहता राहिला विहार. तेव्हाचा विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, त्यात तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि दोन सतरंज्या. दिवा नव्हता. ह्या मोठ्या भावाने कुठून तरी वायर आणली, समितीकडून परवानगी घेतली आणि शंभरचा बल्ब लावला. हाताला त्याच्या जादूच होती म्हणा ना. बिघडलेला रेडिओ त्याच्याकडे द्यावा आणि दुसऱ्या दिवशी बातम्या ऐकाव्यात. त्याच दिव्याखाली तो आम्हाला भूमिती शिकवायचा. आमच्या नव्या अभ्यासक्रमात संच वगैरे नवीन गणित होतं, ते त्यालाही येत नव्हतं. मग तो आमचं पुस्तक आधी स्वतः वाचायचा आणि नंतर आम्हाला सांगायचा. स्वतःचं इंग्रजी मात्र तसंच राहिलं. हे आम्हाला तेव्हा समजलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. आजच्यासारखं मोबाईलवर बोट ठेवलं की आईच्या नावासकट गुण, असं नव्हतं. नाक्यावर एक माणूस पास झालेल्यांच्या नंबरांची छापील यादी घेऊन बसायचा. चार आणे द्यायचे, नंबर सांगायचा. तो बोट फिरवायचा वरून खाली. नंबर असेल तर "आहे" म्हणायचा. नसेल तर काही बोलायचाच नाही, पुढच्याचा नंबर विचारायचा. आमचे पाचही नंबर निघाले. आम्ही तिथेच नाचायला लागलो. मोठ्या भावाचा नंबर विचारला, तर त्या माणसाने मागच्याला हाक मारली. आम्ही म्हटलं, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितलं, त्याचे जास्तीचे पैसेही घेतले नाहीत. तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

तीन-चार दिवसांनी शाळेत गुणपत्रिका मिळाल्या. इंग्रजीत ३१. पासाला ३५ लागायचे. चार गुण.

त्याच रविवारी संध्याकाळी विहारापुढे सत्कार ठेवला होता. आपल्याकडे ही जुनी चाल आहे आणि चांगली चाल आहे. १९०७ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा परळच्या आपल्या लोकांनी त्यांचा सत्कार केला होता. अध्यक्ष होते सीताराम केशव बोले आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या सभेत भेट दिलं. आपण आज मुलांना पुस्तकं देतो, त्याची सुरुवात तिथे आहे.

तर सत्काराला आम्ही धुतलेले कपडे घालून बसलो. आमच्यातल्या एकाला ३८ टक्के होते. तो मागे तोंड लपवून बसला होता. एका वडीलधाऱ्या काकांनी त्याला पुढे ओढलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "बाबासाहेबांना मॅट्रिकला किती पडले होते, माहीत आहे का? साडेसातशेपैकी २८२. कर हिशेब." आम्ही हिशेब केला. ३७.६. काका म्हणाले, "मग? तुला त्यांच्यापेक्षा जास्त पडलेत, आता रडतोस कशाला? त्यांनी पुढे जे केलं त्यातलं थोडं कर." सगळे हसले, तोही हसला. पुढे तो बँकेतून निवृत्त झाला. आजही त्याला आम्ही "अडतीस" म्हणूनच हाक मारतो.

पण त्या संध्याकाळचं एक चित्र डोळ्यांपुढून जात नाही. लाऊडस्पीकर लावायचं काम मोठ्या भावाकडेच होतं, कारण दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. तो शिडीवर उभा राहून कर्णा बांधत होता. खाली नावं पुकारणं चालू झालं. धाकट्या भावाचं नाव आलं, हार घातला गेला. आम्ही मान वर करून बघितलं तर शिडी रिकामी. आवाज मात्र स्वच्छ येत होता, काम तो पुरं करून गेला होता. कुणी त्याला हाक मारली नाही. आम्हीही नाही. ज्याने शिकवलं तो नापास आणि शिकले ते पास, अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला सुचलं नाही, म्हणून आम्ही पेढे खात बसलो.

ऑक्टोबरचा फॉर्म भरता आला असता. एकच विषय राहिला होता. फीही काही डोंगराएवढी नव्हती. पण तारीख कधी येऊन गेली ते ना घरात कळलं, ना समितीत. तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागला.

आणि आम्ही कॉलेजात गेलो. सिद्धार्थ कॉलेज. लोकशिक्षण म्हणून बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९४६ साली हे कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून तिथे सकाळचे वर्ग. करी रोडवरून गाडी पकडायची, व्ही.टी.ला उतरायचं आणि चालत बुद्ध भवन. पहिल्या दिवशी आम्ही चौघे इतके लवकर पोहोचलो की शिपाई म्हणाला, "झोपायला आला होता काय रे?" वर्गात प्राध्यापक इंग्रजीत बोलायला लागले. आम्ही एकमेकांच्या वह्यांत बघत होतो आणि चारही वह्या कोऱ्या. वर्गातून पळून जावंसं वाटायचं. पळून जायचो ते लायब्ररीत. तिथली शांतता आम्हाला नवीन होती. इतका वेळ कुणी ओरडत नाही, अशी जागाच आम्ही आधी पाहिली नव्हती.

फॉर्मचा एक प्रसंग सांगायलाच हवा. सवलतीसाठी दाखला काढायला आमचे वडील एका कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, "बौद्ध लिहिलंत तर काही मिळणार नाही. जुनी जात लिहा." १९५६च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या चितेसमोर ज्यांनी दीक्षा घेतली होती ते हे वडील. एकाने फॉर्म परत मागून घेतला आणि घरी आला. दुसऱ्याने खालमानेने सांगेल ते लिहिलं आणि रात्रभर जेवला नाही. आम्ही कुणालाच नावं ठेवत नाही, बरं का. पोराचं शिक्षण एका पारड्यात आणि धम्म दुसऱ्या पारड्यात असं कुणापुढे मांडूच नये. खरं तर महाराष्ट्र सरकारने १९६० सालापासूनच नवबौद्धांना शिक्षणाच्या सवलती दिलेल्या होत्या. समितीतल्या एका कार्यकर्त्याने तो जी.आर. शोधून आणला, कारकुनाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा काम झालं. केंद्र सरकारच्या यादीत मात्र बौद्धांना अनुसूचित जातींचा हक्क मिळायला १९९० साल उजाडावं लागलं. तोवर किती मुलांनी फॉर्म परत घेऊन घर गाठलं असेल कोण जाणे.

सवलतीत फी सुटली, पण रेल्वेचा पास आणि पुस्तकं सुटत नाहीत. धाकट्या भावाचा पास मोठ्याच्या बदलीच्या पगारातून निघायचा. बदलीचं काम म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, मिळालं तर मिळालं. १८ जानेवारी १९८२ला संप झाला तेव्हा तेही गेलं. नंतर त्याने घरोघरी वायरिंगची कामं केली. ह्या विहाराचं पहिलं वायरिंग त्याचंच. आता तो आपल्यात नाही.

आणि पाचवी? आम्ही चौघे कॉलेजात गेलो म्हटलं, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं का, पाचातली एक कमी झाली? तिला ६१ टक्के होते. फर्स्ट क्लास. आम्हा मुलांत कुणी पंचावन्नच्या वर नव्हता. सत्काराला हार तिलाही घातला होता. पण तिच्या पाठची तीन भावंडं होती, आई कामाला जायची, आणि घरात एवढंच बोलणं झालं की पोरगी एसएससी झाली, पुष्कळ झालं. आम्ही रोज सकाळी तिच्या दारावरून कॉलेजला जायचो. ती नळावर असायची. एकदा तिने विचारलं, "कॉलेजात इतिहासाला कोणतं पुस्तक आहे?" आम्ही नाव सांगितलं. पुस्तक आणून दिलं नाही. कितीची गोष्ट होती? लायब्ररीचं पुस्तक आठ दिवस घरीच पडून असायचं. सुचलंच नाही.

बाबासाहेबांच्या पुस्तकांसाठी सुभेदार रामजी आपल्या लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचे दागिने मागून आणायचे आणि गहाण ठेवायचे. ही गोष्ट आपण जयंतीला सांगतो, डोळ्यांत पाणी आणतो. सुभेदार एका खोलीत रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहायचे आणि मग भीमाला अभ्यासाला उठवून स्वतः झोपायचे, हेही सांगतो. पण तुळसा आणि मंजुळा या बहिणींनी हातातलं काढून दिलं, एवढं म्हणून आपण पुढे जातो. आपल्या घरात अशी काढून देणारी कोण आहे, ते जरा बघा. आमच्या वर्गातली ती आज आजी झाली आहे. इथेच बसली आहे. नाव घेतलेलं तिला चालणार नाही, म्हणून घेत नाही. दोन मुलींना मात्र तिने पदवीधर केलं, आणि त्या वेळी घरातल्या कुणाचंही ऐकलं नाही.

आता समितीला विनंती, आणि ती हात जोडून. ह्या वर्षी दहावीला आपल्या वस्तीतली किती मुलं बसली होती? यादीत नावं आली ती पास झालेल्यांची. बाकीच्यांची नावं कुणाकडे आहेत? आज ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही. २०१५ सालापासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लवकरच घ्यायला सुरुवात झाली. एकदोन विषय राहिले तरी अकरावीत बसता येतं. म्हणजे चार गुणांनी कुणाचं वर्ष जायला नको. पण फॉर्मची मुदत फार थोडी असते, आणि जे पोर लाजून घरात बसलं आहे त्याला ती सांगणार कोण? शाळेचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. शेजारचा माणूस पोहोचतो.

म्हणून आम्ही चौघांनी, आता तिघेच उरलोत, एक वही आणली आहे. ती मागे चपलांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. मुद्दाम मागे ठेवली आहे, पुढे येऊन लिहायला कुणाला अवघड वाटू नये म्हणून. तुमच्या मजल्यावरचं कोणी राहिलं असेल, किंवा पास होऊनही एखाद्या मुलीचा अकरावीचा फॉर्म भरला नसेल, तर नाव आणि खोली नंबर लिहा. टक्के लिहू नका. फॉर्मची फी आम्ही भरू, इंग्रजी आणि गणिताला संध्याकाळी सात वाजता इथेच बसू. घरी जाऊन बोलायची वेळ आली तर तेही करू. आई-वडिलांना समजावायला सोबत एका आजीने यायचं कबूल केलं आहे. कोण ते तुम्हाला कळलं असेलच.

भोजनदान सुरू व्हायच्या आधी वही एकदा बघून घ्या.