दगडातले दात

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपण बाहेरच्या विदुषींना बोलावतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले, आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मी एखादी पाककृती सांगीन असे आपणांस वाटले असेल. पण मी सांगणार आहे ते एका फार जुन्या माशाच्या दातांविषयी. ते दात गेली तीन वर्षे माझ्या मसाल्याच्या जुन्या डब्यात आहेत.

माझे धाकटे दीर मालवाहू जहाजावर नोकरीस आहेत. मोरोक्को देशातील कासाब्लांका बंदरातून त्यांनी एक वस्तू आणली. हातभर लांबीची, दगडासारखी करवत, दोन्ही कडांना मोठे दात. दुकानदाराने त्यांना सांगितले होते की ही माशाची अख्खी सोंड आहे, जशीच्या तशी दगड झालेली. भावोजींनी तिच्यासाठी बरीच रक्कम मोजली होती. आम्ही ती ओटीवर लावली. येणारा-जाणारा विचारी आणि आम्ही अभिमानाने सांगू.

पुढे गणपतीपूर्वीची साफसफाई निघाली. पावसाळ्याने करवतीवर बुरशी धरली होती. मी ती घमेल्यात ठेवली, कोमट पाणी ओतले आणि ब्रशाने घासू लागले. बघता बघता पाणी गढूळ झाले, बोटांना वाळू लागली, आणि करवत माझ्या हातातच विरघळली! घमेल्याच्या तळाशी उरले सुटे चौदा दात. भगिनींनो, त्या वेळी माझे काय झाले असेल ते तुम्हीच जाणा. मी ते दात डब्यात लपवले आणि आठ दिवस ‘दुरुस्तीला दिली आहे’ असे खोटे सांगितले.

शेवटी थोरल्या मुलाला खरे सांगितले. त्याने दात आपल्या कॉलेजातील भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवले. सरांनी ते भिंगाखाली पाहिले. करवतीचा आमच्याकडचा फोटोही पाहिला आणि म्हणाले, “दात खरे आहेत, करवत खोटी होती.” वाळू आणि डिंक कालवून करवत घडवली होती आणि त्यात निरनिराळ्या माशांचे दात रोवले होते. फोटोत काही दातांचे आकडे मागे वळलेले होते, तर काहींचे पुढे. खऱ्या माशात ते सारे मागेच वळलेले असतात.

या माशाचे नाव ओंकोप्रिस्टिस. हा पाकटाच्या मोठ्या कुळातला. आपण मोरी किंवा पाकट चिरतो तेव्हा आत हाड लागत नाही, मऊ कूर्चा लागते. ही कूर्चा मेल्यावर बहुधा कुजून जाते. दातांवर मात्र कठीण लुकण असते, म्हणून ते टिकतात. शिवाय या माशाच्या करवतीचे दात झडत आणि त्यांच्या जागी नवे येत. एकेका माशाने जन्मभरात किती दात टाकले असतील! म्हणून सुटे दात पुष्कळ सापडतात आणि अख्खी करवत फार क्वचित.

आजच्या करवत माशाचे तसे नाही. त्याचे दात खोबणीत घट्ट बसलेले असतात आणि जन्मभर वाढत राहतात. मुळासकट पडला तर नवा येत नाही. त्यामुळे ओंकोप्रिस्टिस हा आजच्या करवत माशाचा पूर्वज नव्हे, शाखा वेगळी, असे शास्त्रज्ञ मानतात. दोघी सारखेच लुगडे नेसल्या म्हणून सख्ख्या बहिणी ठरत नाहीत, तसेच हे.

हे दात येतात मोरोक्कोच्या आग्नेयेकडील केम केम नावाच्या भागातून, सहारा वाळवंटाच्या कडेहून. सुमारे साडेनऊ ते दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठमोठ्या नद्या वाहत होत्या. स्पायनोसॉरस नावाचा प्रचंड प्राणी तिथे मासे खात असे. त्याचा एक जबडा इटलीत मिलानच्या संग्रहालयात आहे. त्यात दाताच्या खोबणीपाशी या माशाचा मणका अडकलेला आढळला, हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

आज तिथले गरीब लोक हातोडी-छिन्नीने डोंगरात अरुंद बिळे खणतात आणि आत सरपटत जाऊन हे दात काढतात. बीळ ढासळण्याचे भय असतेच. सुट्या दाताला फारसे मोल येत नाही, अख्ख्या करवतीला येते. म्हणून कोणी तरी करवत घडवतो. हे कळल्यावर माझा राग थोडा निवला. पण सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मनाला लागली. ते म्हणाले, “बाई, पैसे गेले त्याचे एवढे नाही. कुठला दात कोणत्या डोंगरातून, कोणत्या थरातून निघाला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. दाताची अर्धी किंमत तिथेच गेली.”

त्यांनीच एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञांची हकिगत सांगितली. इजिप्तमधील बाहरिया येथील जीवाश्मांवर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. ओंकोप्रिस्टिस हे नाव त्यांनीच १९१७ साली दिले. एप्रिल १९४४ मध्ये म्युनिकवर बाँब पडले आणि त्यांचा बराच संग्रह जळाला. पण त्यांनी लिहून ठेवलेली वर्णने आणि छापलेली चित्रे उरली, आणि त्यांच्या आधारे पुढच्यांना काम करता आले. दगड गेले, पण चिठ्ठी राहिली.

आपण भांड्यावर नाव घालतो. मंडळाच्या जेवणानंतर पातेली परत करताना नाव नसलेल्या पातेल्यापायी किती घोळ होतो, हे आपण सगळ्या जाणतो. मी त्या चौदा दातांसाठी एकेक चिठ्ठी लिहिली. ‘मोरोक्को. नेमकी जागा ठाऊक नाही. बाजारातून विकत. करवत बनावट होती, पाण्यात विरघळली.’ मग भावोजी सुटीवर आले तेव्हा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एक दात उचलून म्हणाले, “वहिनी, एवढे तरी खरे निघाले.”

जाता जाता दोन गोष्टी विनविते. घरात जुनी वस्तू असेल, मग तो दगड असो की सासूबाईंचा दागिना, तर ती कुठून, कधी, कोणाकडून आली ते आजच लिहून ठेवा. आणि माझ्यासारखी ती पाण्यात घालू नका, कारण खऱ्या जीवाश्मालाही पाणी सोसतेच असे नाही. दुसरी गोष्ट आपल्या समुद्राची. जिवंत करवत मासा आता फार दुर्मीळ झाला आहे. २००१ पासून आपल्या देशात त्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे होडी घेऊन जातात त्यांनी घरी एवढे सांगावे, की जाळ्यात आलाच तर त्याला सोडून द्या.

दात मी आज बरोबर आणले आहेत. चहाच्या वेळी अवश्य पाहा. मात्र चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.