मोठ्यानं वाचायची पुस्तकं
(उत्सवातील 'वाचक बोलतो' या कार्यक्रमात केलेले भाषण)



बडोद्यात पुस्तकांवर बोलायचं तर आधी सयाजीराव महाराजांना नमस्कार. 1910 साली बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून त्यांनी संस्थानात गावोगावी मोफत वाचनालयं सुरू केली, पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आज आपल्या घरात नातवंडं मराठी बोलतात. हिंदीमुळे लिपीही येते. पण मराठी पान पुढे केलं की म्हणतात, "आजी, तूच वाच." म्हणून माझी कसोटी एकच आहे. पुस्तक मोठ्यानं वाचता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्यानं "पुढे काय झालं?" विचारलं पाहिजे. मग ती कादंबरी असो की पाककृती.

पहिला मान चिं. वि. जोशींचा. ते आपल्याच गावचे म्हणायचे, बडोदा कॉलेजात पाली शिकवत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ वाचताना अडचण एवढीच, की वाचणाराच आधी हसतो.

'स्वामी'बद्दलचं माझं मत काहींना रुचणार नाही. मनात वाचताना ती गोड लागते, पण माधवराव-रमेचे संवाद मोठ्यानं वाचा, नाटकी वाटतात. इतिहास हवा तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. कोकणातला गरीब भिक्षुक, 1857 साली दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाला, तो झाशीच्या वेढ्यात शहरातच होता. मिळवलेलं लुटलं गेलं आणि घरी आली ती गंगेची कावड. पदरचं तिखटमीठ लावायला जागाच नाही!

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी सगळ्यांत वर ठेवतो. शाळेत न गेलेली बाई. नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, पुन्हा जुळला. दुसऱ्या कुणी यावर तीनशे पानं रडवलं असतं. त्या स्वतःच्या फजितीवर हसतात आणि नवऱ्याच्या विक्षिप्तपणावरही. सासू-सुनेनं मिळून वाचावं असं पुस्तक.

'रुचिरा'सुद्धा याच कपाटात हवी. "अंदाजानं घाल" म्हणणाऱ्या आजी घरोघरी नसतात. कमलाबाई ओगल्यांची वाटी-चमच्याची मापं असतात. नारळीकरांच्या विज्ञानकथा इंजिनियरिंगच्या मुलांना द्याव्या, बाकी शिफारस लागत नाही.

आता एक टोचणारी गोष्ट. आपल्या कपाटात 'मृत्युंजय'च्या चार प्रती आहेत, दया पवारांचं 'बलुतं' एकही नाही. 1978 सालचं पुस्तक, म्हणजे उशीर झाला असंही म्हणता येत नाही! 'मुलांसमोर वाचण्यासारखं नाही' असं मला सांगण्यात आलं. लहान मुलांसमोर नाही, कबूल. पण गावकुसाबाहेरचं आणि मुंबईच्या कावाखान्यातलं ते आयुष्य मराठीतच जगलं गेलं. आपण आपल्या मुलांना मराठी द्यायची म्हणतो, तेव्हा फक्त आपल्या आळीतली देतो. मोठ्या मुलांनी ते वाचावं आणि घरात त्यावर वाद व्हावा. मी एक प्रत आणली आहे, ती आज जमा करतो.

आणि 'श्यामची आई' पहिलं पुस्तक म्हणून देऊ नका. चांगलंच आहे, पण सात वर्षांच्या मुलाला मराठी म्हणजे रडणं असं वाटू नये. आधी फुरसुंगीचा फास्टर फेणे द्या. त्याची दोनच पुस्तकं शिल्लक आहेत. आरतीनंतर कपाट उघडं राहील, मुलांनी रांग लावावी.