कॅलाबारचें दिव्य

सकाळीं उठून जो मनुष्य स्वतःच्या हातानें दाढी करतो, केस विंचरतो आणि घरांतल्यांशीं नीट बोलतो, त्यालाच दुपारीं जेवतांना चार घासांनंतर जबड्याला हाताचा आधार द्यावा लागतो. दिवेलागणीला त्याच्या पापण्या आपोआप खालीं येतात, एका दिव्याचे दोन दिवे दिसूं लागतात, आणि बोलतां बोलतां आवाज नाकांत जाऊन विरतो. रात्रभर झोंप मिळाली कीं दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां बराचसा पूर्ववत् होतो. घरच्या माणसांना वाटतें कीं हा आळस तरी असावा, किंवा मनाचा खेळ तरी. आणि रोग्याला हा संशय पुष्कळदां रोगापेक्षांही जड जातो.

या रोगाला वैद्यकांत मायस्थेनिया ग्रॅव्हिस म्हणतात. स्नायूंचें गंभीर दौर्बल्य, असा त्याचा अर्थ. इंग्लंडांतील टॉमस विलिस यांनीं १६७२ सालीं अशा एका स्त्रीचें वर्णन केलेलें आहे. कांहीं वेळ भरभर बोलली कीं तिची वाचा अगदीं बंद पडे, आणि तास-दोन तासांनीं परत येई. रोगाला नांव मिळालें तें मात्र १८९५ सालीं, जर्मनींतील योली यांच्याकडून. नांवापलीकडे देतां येण्यासारखें त्या काळच्या डॉक्टरांजवळ फारसें कांहीं नव्हतें. गिळण्याचे आणि श्वासाचे स्नायू थकले म्हणजे रोगी दगावे.

यावरचा उतारा जेथून आला, तें ठिकाण इस्पितळांपासून फार दूर आहे. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय कोपऱ्यांत कॅलाबार नांवाचें बंदर आहे. तेथील एफिक लोकांत एकोणिसाव्या शतकांत जादूटोण्याचा आळ आलेल्या माणसाला दिव्य करावें लागे. आपल्याकडे तापलेल्या तेलांतून रवा काढण्याचें दिव्य असे. तेथें एका वेलाची तपकिरी बी पाण्यांत कुटून पाजीत. ओकारी होऊन जगला तो निर्दोष, मेला तो अपराधी. निर्दोष मनुष्य बेधडक एका दमांत पितो म्हणून त्याला वांति होते, आणि मनांत पाप असलेला भीत भीत घोट घेतो म्हणून विष त्याच्या अंगीं भिनतें, असें स्पष्टीकरण पुष्कळांनीं दिलेलें आहे. तें चतुर आहे खरें. पण मरणाचें भय निर्दोष माणसालाही वाटतेंच, याचा त्यांत विचार नाहीं.

एडिंबरोचे प्राध्यापक रॉबर्ट क्रिस्टिसन यांनीं १८५५ सालीं या बीचा तुकडा स्वतःच खाऊन पाहिला. अंगांतलें त्राण जाऊं लागलें, तेव्हां दाढीचें पाणी पिऊन त्यांनीं वांति केली आणि जीव वांचविला. शास्त्राच्या इतिहासांत दाढीचें पाणी इतकें उपयोगीं क्वचितच पडलें असेल! पुढें त्याच शहरांत टॉमस फ्रेझर यांनीं या विषाचा कसून अभ्यास केला, आणि १८६४ सालीं योब्स्ट व हेसे या जर्मन रसायनज्ञांनीं बीमधील विषद्रव्य वेगळें काढलें, तें फायसोस्टिग्मीन. त्यानें डोळ्याची बाहुली आकसते, म्हणून काचबिंदूवर त्याचा उपयोग होऊं लागला. थकणाऱ्या स्नायूंशीं त्याचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या ध्यानींमनींही नव्हतें.

तो संबंध समजण्यासाठीं शरीराची हालचाल कशी होते, हें पाहिलें पाहिजे. मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात; दोहोंमध्यें अतिसूक्ष्म फट असते. मेंदूचा हुकूम तंतूच्या टोकापर्यंत विजेच्या रूपानें येतो. तेथून ॲसिटिलकोलीन नांवाचें रसायन ती फट ओलांडून स्नायूवरील ग्राहकांना जाऊन भिडतें, आणि स्नायू आकुंचन पावतो. काम होतांच दुसरें एक द्रव्य त्या रसायनाचा निमिषार्धांत नाश करतें. दक्षिण अमेरिकेंतील शिकारी बाणांना कुरारे नांवाचें विष लावीत. त्यानें तंतूही शाबूत राहतो आणि स्नायूही, परंतु एकाचा निरोप दुसऱ्याला पोंचत नाहीं, हें क्लोद बेर्नार यांनीं पॅरिसमध्यें बेडकांवर दाखविलें होतें. १९०० सालीं व्हिएन्नाच्या याकोब पाल यांना आढळलें कीं कुरारेनें निश्चेष्ट पडलेला प्राणी फायसोस्टिग्मीन टोंचल्यावर पुन्हां श्वास घेऊं लागतो. त्याचें कारण लोव्ही आणि नाव्राटिल यांच्या १९२६ च्या प्रयोगांमुळें उलगडलें: कॅलाबारचें विष तें नाशकारी द्रव्यच जखडून ठेवतें, म्हणून निरोप्या अधिक वेळ टिकतो.

लंडनच्या ग्रिनिच भागांतील सेंट आल्फेज रुग्णालयांत डॉ. मेरी वॉकर या स्कॉटिश बाई साहाय्यक अधिकारी होत्या. मोठें पद, प्रयोगशाळा, शिष्यवर्ग, यांपैकीं कांहींच त्यांच्याजवळ नव्हतें. तेथें येणाऱ्या एका तज्ज्ञाशीं बोलतांना या रोगाचें कुरारेच्या विषबाधेशीं असलेलें साम्य निघालें. वॉकरबाईंनीं सरळ विचार केला: लक्षणें कुरारेचीं, तर कुरारेचा उतारा येथेंही देऊन पाहावा. १९३४ सालीं त्यांनीं एका रुग्ण स्त्रीला फायसोस्टिग्मीनची सुई टोंचली. तासाभराच्या आंत पापण्या वर आल्या आणि गिळणें सुधारलें. कांहीं तासांनीं दुर्बलता परत आली. पुन्हां सुई दिली, पुन्हां शक्ति आली. त्या वर्षीं २ जूनच्या ‘लॅन्सेट’च्या अंकांत त्यांनीं एक लहानसें पत्र लिहून हें कळविलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं नीओस्टिग्मीन हें प्रयोगशाळेंत बनविलेलें, त्याच जातीचें औषध वापरून दाखविलें, आणि तें अधिक सोयीचें ठरलें.

झाडपाल्याचें औषध म्हणजे निरुपद्रवी, अशी एक समजूत आपल्या घराघरांत आहे. कॅलाबारच्या बीनें ती सुटावी. मात्रा थोडी वाढली तर लाळ सुटते, नाडी मंदावते, आणि जे स्नायू सावरावयाचे तेच लुळे पडतात. शिवाय हा उतारा रोगाच्या मुळाशीं जात नाहीं. मूळ सांपडलें तें १९७३ सालीं. पॅट्रिक आणि लिंडस्ट्रम या अमेरिकन संशोधकांनीं विद्युत्-मत्स्याच्या शरीरांतून काढलेले ग्राहक सशांना टोंचले, तेव्हां सशांच्या रक्तांत त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार झालीं आणि ससे मान टाकून पडले. नीओस्टिग्मीन देतांच ते सावरले. बहुतेक रोग्यांतही असेंच घडतें. शरीर आपल्याच ग्राहकांवर उठतें. त्याच वर्षीं, तैवानमधील मण्यार जातीच्या सर्पाच्या विषाचा उपयोग करून, रोग्यांच्या स्नायूंवर ग्राहक किती कमी उरलेले असतात हेंही मोजण्यांत आलें. वॉकरबाई १९७४ सालीं वारल्या.

कोंकणांत नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या मिटूं लागल्या, तर प्रतिविषाबरोबर डॉक्टर आज नीओस्टिग्मीन देतात, आणि नाडी मंदावूं नये म्हणून सोबत ॲट्रोपीन. नागाचें विष कुरारेप्रमाणेंच ग्राहक अडवितें, म्हणून हा उपाय लागू पडतो. मण्यारीच्या दंशावर तो बहुधा फुकट जातो. आपल्याकडील मण्यारीचें विष मुख्यतः तंतूचें टोंकच निकामी करतें, आणि जेथें निरोप्या निघतच नाहीं, तेथें त्याला टिकवून काय उपयोग? अशा रोग्याचा श्वास तंतू पुन्हां सावरेपर्यंत यंत्रानें चालू ठेवावा लागतो.