पटावरील मूल आणि वर्गातील मूल

(पेडगाव, जि. परभणी येथे शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



पेडगावचे नाव मराठीत एका वाक्प्रचाराने घरोघर पोचविले आहे. वेड पांघरून पेडगावला जाणे, म्हणजे ठाऊक असूनही ठाऊक नसल्याचे सोंग करणे. ते पेडगाव भीमाकाठचे, श्रीगोंदे तालुक्यातले, असे मानतात. तेव्हा आपल्याकडे त्याचा बोल नाही. परंतु शाळेतील गैरहजेरीच्या बाबतीत हे सोंग गावोगावी होत आले आहे. कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातील जागा का रिकाम्या होतात, हे गुरुजींना, आईबापांना आणि पंचायतीलाही ठाऊक असते.

मुलाचे नाव पटावर यावे, एवढ्यासाठीच पूर्वी मोठी खटपट करावी लागली. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात तसे कायदे केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास करवीरात दरमहा एक रुपया दंड होता. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिला. येथे मातृभाषेतून पुढचे शिक्षण मिळणेच दुर्मिळ होते.

१ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सक्तीचा रोख बदलला. त्यात पालकास दंड नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलाचा प्रवेश, त्याची उपस्थिती आणि शिक्षणाची पूर्तता, या तिन्हींची जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेशही त्यातच येतो. पंचायत सदस्यांनी यातील ‘उपस्थिती’ हा शब्द विशेष ध्यानात ठेवावा.

पहिली ते पाचवीसाठी हा कायदा वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरविण्यास सांगतो. आठवड्याच्या सहा दिवसांपैकी दोन दिवस मूल घरी राहिले, तर त्यातील सुमारे ६७ दिवस गेले. आई म्हणते, दोनच दिवस तर राहिला! पण त्या दोन दिवसांत हातच्याची वजाबाकी शिकविली गेली, तर पुढे भागाकार त्याला उमगत नाही. न उमगल्याने तो मागच्या रांगेत बसतो, विचारण्यास लाजतो आणि मग बोलावूनही येत नाही. आपण ज्याला गळती म्हणतो, तिची सुरुवात पुष्कळदा अशी होते. मूल आळशी आहे, हे निदान मला फार सोयीचे वाटते.

मुलींचे आणखी निराळे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी थोरली घरी राहते. तिला शाळेत आणावयाचे, तर आधी त्या धाकट्याची अंगणवाडीत सोय पाहिली पाहिजे.

शासनाने उपाय केले नाहीत असे नाही. १९९२ मध्ये दुर्बल घटकांतील मुलींसाठी दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. १९९५ च्या पोषण आहार योजनेत आरंभी ८० टक्के हजेरीवर दरमहा ३ किलो धान्य घरी मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न शाळेतच मिळू लागले. ताटासाठी मूल शाळेत येते, ही टीका मी ऐकली आहे. उपाशी पोटी पाढे पाठ होत नाहीत, एवढेच तिला उत्तर आहे.

मात्र हजेरी खरी नसेल, तर या सर्व योजना कागदावर राहतात. शिक्षकांना माझी स्पष्ट विनंती आहे की, नसलेल्या मुलाची हजेरी मांडू नये. टक्केवारी घसरली म्हणून वरिष्ठांनीही आधी शिक्षकास धारेवर धरू नये. तसे केले की खोट्या नोंदी होतात आणि ऊसतोडीला गेलेले मूल कागदावर वर्गातच बसून राहते. मग त्याचा शोध कोण घेणार?

ऊसतोडीच्या टोळ्या साधारणतः दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि चैत्राच्या आसपास परततात. मुलांना गावीच ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे ही चांगली योजना आहे. पण टोळी निघून गेल्यावर तिचा प्रस्ताव धाडण्यात अर्थ नाही. भाद्रपदातच शाळा व्यवस्थापन समितीने घरोघर जाऊन कोण जाणार, कोणाची आजी मागे राहणार, कोणाला सोबत जाणे भागच आहे, याची यादी करावी. ज्यांना जाणे भाग आहे, त्यांच्या आईबापांजवळ कारखान्याजवळच्या शाळेसाठी मूल कोणत्या इयत्तेत आहे व त्याला काय येते, याची चिठ्ठी द्यावी. उरलेल्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी.