संकरित काठीचा स्वीकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि महाराष्ट्राचा इतिहास यांवर विद्वानांची भाषणे झाल्यावर आमच्यासारख्या सरकारी नोकराने गोल्फच्या काठ्यांवर बोलावे, हे काहींना विजोड वाटेल. परंतु कार्यकारिणीचा आग्रह असा की, मंडळातील पन्नाशी-साठी ओलांडलेली बरीच मंडळी अलीकडे या खेळाकडे वळली आहेत आणि 'हायब्रिड' नावाच्या काठीविषयी त्यांच्या मनात गोंधळ आहे. तेव्हा तो दूर करावा. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. जे वाचले, पाहिले आणि रविवारच्या सकाळी अनुभवले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

'हायब्रिड' हा शब्द मराठी माणसास गोल्फमुळे ठाऊक झालेला नाही. तो ज्वारीमुळे झाला. १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण आले, आणि पुढे आमच्या लहानपणी गावोगाव 'हायब्रिड'चा बोलबाला झाला. कणगी भरे, पण भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, अशी तक्रार प्रत्येक घरातील आजी करीत असे. गोल्फमधील हायब्रिडविषयीही जुन्या खेळाडूंची तक्रार नेमकी हीच आहे. उत्पन्न वाढते हे त्यांना मान्य, परंतु चव गेली असे ते म्हणतात. त्या तक्रारीत तथ्य किती, हे पाहण्यासाठी आधी काठ्यांची कुळे समजून घेतली पाहिजेत.

गोल्फच्या पिशवीत मुख्यतः दोन कुळांच्या काठ्या असतात. पहिले कुळ 'वूड'चे. नाव लाकडाचे असले तरी आज त्यांची डोकी धातूची असतात. डोके मोठे आणि पोकळ, दांडा लांब, काम दूर पल्ल्याचे. दुसरे कुळ 'आयर्न'चे. पाते पातळ, दांडा आखूड, काम नेमके अंतर साधण्याचे. आयर्नचा क्रमांक जसा लहान, तसा तिच्या मुखाचा कल कमी आणि दांडा लांब. या कलासच 'लॉफ्ट' म्हणतात. तीन नंबरच्या आयर्नचे मुख जेमतेम वीस-एकवीस अंशांनी कललेले असते. एवढ्या उभ्या मुखाने चेंडू हवेत चढवायचा, तर काठीला मोठा वेग हवा आणि आघात पात्याच्या नेमक्या मध्यावर हवा. तरुण व्यावसायिकास हे साधते. आठवडाभर फायलींवर वाकून बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थास ते दहांत दोनदा साधले तरी पुष्कळ.

हायब्रिड ही या दोन कुळांच्या मधली काठी होय. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर, वूड खात्यातील अधिकारी आयर्न खात्यात प्रतिनियुक्तीवर पाठवावा, तसा हा प्रकार. डोके वूडसारखे पोकळ, पण आकाराने लहान. दांडा आयर्नपेक्षा जरा लांब, पण वूडपेक्षा आखूड. डोके पोकळ असल्यामुळे वजन खाली आणि मागे नेता येते. गुरुत्वमध्य खाली गेला की तेवढ्याच लॉफ्टने चेंडू अधिक सहज उचलला जातो. वजन मागे व कडांकडे पसरल्यामुळे आघात मध्यापासून थोडा बाजूस झाला तरी डोके हातात कमी वळते. तळ रुंद असल्याने काठी गवतातून घसरत पुढे जाते. आयर्नच्या पात्यासारखी रुतत नाही. हिचे सारे गुपित एवढेच आहे.

या जातीचे पूर्वज १९७० च्या दशकातही होते. 'कोब्रा' कंपनीची 'बॅफलर' ही तळाला पट्ट्या असलेली काठी त्या काळातली. परंतु हायब्रिडला खरी प्रतिष्ठा मिळाली ती या शतकाच्या पहिल्या दशकात. २००४ साली स्कॉटलंडमधील रॉयल ट्रून येथे टॉड हॅमिल्टन या अमेरिकन खेळाडूने एर्नी एल्सला जादा फेरीत हरवून ब्रिटिश ओपन जिंकले. शेवटच्या ग्रीनच्या अलीकडून त्याने हायब्रिडने चेंडू जमिनीसरसा घरंगळवून भोकापासून अवघ्या काही फुटांवर नेला. २००९ साली कोरियाच्या वाय. ई. यांगने पीजीए स्पर्धेच्या शेवटच्या भोकावर दोनशे यार्डांहून दूर असलेल्या ग्रीनवर हायब्रिडनेच चेंडू टाकला आणि टायगर वूड्सला मागे टाकले. मोठी स्पर्धा जिंकणारा तो आशियातील पहिला पुरुष ठरला. जे हत्यार अशा प्रसंगी विश्वासाने हाती घेतले गेले, त्यास दुबळ्यांची कुबडी कोण म्हणेल?

तरीही म्हणणारे आहेत. आमच्या परिचयातील एक ज्येष्ठ गृहस्थ निवृत्तीनंतर खेळ सोडण्याच्या विचारात होते. चारशे यार्डांच्या भोकावर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठता येईना. तीन नंबरच्या आयर्नने चेंडू गवत कापीत शंभर यार्ड सरपटत जाई. हायब्रिड घ्या म्हटले, तर ते उत्तर देत, "ती बायकांची आणि म्हाताऱ्यांची काठी." खेळ सुटला तर पहाटेचे पाच मैलांचे चालणे सुटणार आणि परगावी जोडलेली चार माणसेही सुटणार, हे त्यांना कळत होते. केवळ एका पातळ पात्याच्या अभिमानापायी ते हे सारे गमावायला निघाले होते.

त्यांना आम्ही उदाहरण दिले ते याच शहरातील एका मुलीचे. अदिती अशोक ही बंगळूरची. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर ती लहानपणी हा खेळ शिकली. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ती खेळली तेव्हा अठरा वर्षांची होती. टोकियोचे ऑलिम्पिक २०२१ साली झाले. त्याआधी तिला कोविड झाला होता आणि अंगातील ताकद कमी झाली होती. फटक्याच्या लांबीत ती बहुतेकींच्या मागे होती. इतर खेळाडू ज्या ग्रीनवर आखूड आयर्नने चेंडू टाकीत, तेथे तिला पुष्कळदा हायब्रिड किंवा वूड घ्यावी लागे. आई कॅडी म्हणून पिशवी वाहत होती. चार दिवसांअखेर अदिती पंधरा अंडर पारवर चौथी आली. कांस्यपदक केवळ एका फटक्याने हुकले. आपल्याजवळ काय नाही याचा हिशेब करीत न बसता, जे आहे त्याने काम कसे साधायचे हे तिने जगाला दाखवले. आमच्या स्नेह्यांनी यावर उत्तर दिले नाही. पण पुढील महिन्यात त्यांच्या पिशवीत चार नंबरची हायब्रिड दिसली, आणि ते आजही खेळतात.

आता निवडीविषयी. पिशवीत चौदाहून अधिक काठ्या ठेवू नयेत हा निर्बंध अमेरिकेतील संस्थेने १९३८ साली व सेंट अँड्र्यूजच्या संस्थेने १९३९ साली घातला. म्हणजे एक काठी आत घ्यायची, तर एक बाहेर काढावी लागते. तेव्हा पहिला प्रश्न हा की, बाहेर कोण जाणार? आपल्या आयर्न एकेक करून मारून पाहाव्यात. ज्या क्रमांकापासून चेंडू नीट चढेनासा होतो, किंवा मागच्या क्रमांकाएवढाच जातो, तेथून पुढच्या साऱ्या लांब आयर्न निवृत्तीस पात्र समजाव्यात. कोणाची ही सीमा चारवर येईल, कोणाची सहावर. त्यात लाज नाही.

दुसरे, क्रमांकावर विसंबू नये, अंश पाहावेत. पूर्वी सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या पुढे असे. आज अनेक संचांत तो ३० अंशांच्या आसपास आला आहे. हायब्रिडमध्ये तीन नंबर साधारण १९ ते २०, चार नंबर २२ ते २३, पाच नंबर २५ ते २६ अंशांचा असतो. परंतु कंपनीगणिक फरक पडतो. शिवाय दांडा लांब असल्याने तेवढ्याच अंशांच्या आयर्नपेक्षा हायब्रिड थोडी लांब जाते. दोन शेजारच्या काठ्यांमध्ये दहा-बारा यार्डांचे अंतर पडावे, हे साध्य समजावे.

तिसरे, दांडा. हायब्रिडला बहुधा ग्रॅफाइटचा दांडा येतो. तो आपल्या आयर्नच्या दांड्यापेक्षा फारच हलका असेल तर हाताची लय बिघडते. लवचीकतेच्या बाबतीत तरुणपणाचा 'स्टिफ' दांडा हट्टाने धरून ठेवू नये. काठीचा वेग मंदावला असेल तर 'रेग्युलर' किंवा 'सीनियर' दांडा चेंडू अधिक उंच नेतो.

चौथे, डोक्याची ठेवण. काही हायब्रिड वूडकडे झुकतात, काही आयर्नकडे. ज्यांचे मुख दांड्याच्या किंचित मागे असते, त्या उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे वळवतात. ज्यांचा चेंडू नेहमी उजवीकडे पळतो, त्यांना त्या हितकारक आहेत; ज्यांचा आधीच डावीकडे जातो, त्यांनी त्यांपासून दूर राहावे.

पाचवे, परीक्षा. सरावाच्या मैदानावरील चटई फसवी असते. चेंडूच्या आधी जमिनीला काठी लागली तरी ती चटईवरून घसरते आणि फटका बरा वाटतो. म्हणून शक्य तर गवतावर मारून पाहावे. दहा चेंडू मारावेत आणि त्यांतील उत्तम तीन विसरून उरलेले सात कोठे पडले ते पाहावे. कारण मैदानावर आपल्या वाट्याला बहुधा ते सातच येतात. खरेदीत आमच्या खात्याचा किमान दराच्या निविदेचा नियम लावू नये. नामांकित काठ्यांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात. त्यापेक्षा एक-दोन वर्षांपूर्वीचा अस्सल नमुना, किंवा ओळखीच्या खेळाडूने वापरलेली काठी, मध्यमवर्गीयास अधिक परवडते.

खेळताना एकच सूत्र ध्यानी ठेवावे. हायब्रिड दिसते वूडसारखी, पण ती आयर्नसारखी मारायची असते. चेंडू दोन पायांच्या मध्यापासून किंचित पुढच्या पायाकडे ठेवावा. काठी किंचित खाली उतरत असताना चेंडूस भिडावी, आणि चेंडूच्या पुढील गवत थोडेसे खरवडले जावे. चेंडू उचलण्याचा प्रयत्न खेळाडूने करू नये. ते काम लॉफ्टचे आहे. विटीदांडूत विटी उडवून मारायची सवय आपल्या हाडीमांसी असल्याने मराठी मनगटास हे जड जाते. टीवरून मारताना टी अगदी बुटकी ठेवावी.

आमच्या बंगळूरपुरत्या दोन-तीन गोष्टी. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ असल्याने चेंडू मुंबईपेक्षा थोडा लांब जातो. दीडशे यार्डांमागे चार-पाच यार्डांचा फरक धरावा. सुट्टीत मुंबईस जाऊन खेळणाऱ्यांनी तेवढी एक काठी जास्त घ्यावी. जून-जुलैत येथे पश्चिमेचा वारा जोराचा असतो. हायब्रिडचा चेंडू उंच जात असल्याने समोरचा वारा त्याला अडवतो. अशा वेळी दांडा इंचभर खाली धरून, चेंडू जरा मागे ठेवून, शांत फटका मारावा. पावसाने वाढलेल्या रफमध्ये चेंडू अर्धा वर दिसत असेल तर हायब्रिडसारखा मित्र नाही. मात्र तो पूर्ण बुडाला असेल तर मुकाट्याने वेज घेऊन बाहेर यावे. आणि ग्रीनच्या कडेला हॅमिल्टनचे स्मरण करून, पटरसारखी पकड घेऊन चेंडू हळूच ढकलावा. चेंडू गवतावरून एक लहानशी उडी घेतो आणि मग सरळ घरंगळतो. ज्यांची मनगटे वेजने थरथरतात, त्यांना ही युक्ती वर्षाकाठी पुष्कळ फटके वाचवून देईल.

राहता राहिली चवीची तक्रार. मध्यावर बसलेल्या लांब आयर्नचा जो नाद तळहातातून खांद्यापर्यंत जातो, तो हायब्रिडमध्ये नाही, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. परंतु ज्या आज्या हायब्रिडच्या भाकरीस नावे ठेवीत, त्यांनीच १९७२ च्या दुष्काळात दाण्याची किंमत नातवंडांना शिकवली. चव मोठी खरी. पण ताटात काही असणे त्याहून मोठे.

या शहरात १८७६ साली स्थापन झालेला बंगळूर गोल्फ क्लब आहे. एके काळी साहेबांचा असलेला हा खेळ आज कन्नड, तमिळ, मराठी, पंजाबी अशी सारी माणसे एकत्र खेळतात. आपले गाव सोडून आलेल्यास शेजार हवा असतो, आणि चार तास सोबत चालल्याने जो शेजार घडतो, तो दिवाणखान्यात घडत नाही. आमचे कन्नड जे काही सुधारले, ते मैदानावरील कॅडीमंडळींच्या कृपेने. म्हणून मंडळातील ज्येष्ठांस आमची विनंती एवढीच की, अंगातील जोर कमी झाला म्हणून मैदान सोडू नका. पिशवीतील काठी बदला. ज्यांना निवडीत साहाय्य हवे असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी आम्हांस भेटावे. आमच्या हायब्रिड मारून पाहावयास आम्ही आनंदाने देऊ.

मंडळाच्या शतकमहोत्सवास आमची नातवंडे येथे उभी राहोत, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय महाराष्ट्र, जय कर्नाटक.