जवळच्या गावाला जास्त भाडे
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाची, ज्वारीची बैठक आणि विषय अमेरिकेतल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या एका काउंटीचा भूगोल, हे काय नवीन, असे मागच्या रांगेत कोणीतरी म्हणतच असेल. म्हणू द्या. काउंटी म्हणजे आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढा मुलूख. आम्ही जी निवडली ती इलिनॉय राज्यातली शॅम्पेन काउंटी. नावाला हसू नका, दारूशी तिचा संबंध नाही. त्या शब्दाचा जुना अर्थच सपाट, मोकळे मैदान असा आहे.

शाळेत आपल्याला भूगोल शिकवतात तो असा: माती कोणती, पाऊस किती, नद्या कोणत्या, पिके कोणती. या हिशोबाने पाहिले तर ही काउंटी पहिल्या दिवसापासून श्रीमंत असायला हवी होती. हजारो वर्षांपूर्वी बर्फाच्या थरांनी सपाट केलेली भुई, वर वाऱ्याने आणून पसरलेली बारीक माती, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या कुजलेले गवत. काळी, खोल, लोण्यासारखी जमीन. पाऊस वर्षाला सरासरी ४० इंचांच्या आसपास. एवढे असून १८५० च्या शिरगणतीत सुमारे हजार चौरस मैलांच्या या मुलखात माणसे निघाली २,६४९. जगातली एक उत्तम जमीन पडून होती आणि घ्यायला कोणी तयार नव्हते.

ती पूर्वी कोणाची होती हेही सांगितले पाहिजे. त्या भागात किकापू लोक राहत आणि शिकार करत. १८१९ च्या तहाने त्यांच्याकडून इलिनॉयमधली भूमी सोडवून घेतली गेली. काउंटी स्थापन झाली १८३३ साली, मुख्य ठिकाण अर्बाना.

आपल्याकडे पाणी नाही म्हणून आपण कोरडवाहू. तिथे दुखणे उलटे होते: पाणी जातच नव्हते. कास्कास्किया आणि एम्बारास या दोन नद्या याच काउंटीत उगम पावतात, पण उताराच नाही तर ओढे वाहणार कसे? वसंतात मैलच्या मैल पाण्याखाली. आपण ज्याला चिबड जमीन म्हणतो तशी अर्धीअधिक काउंटी. वाफसा येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जायची. वर डास आणि हिवताप. म्हणून पहिले वस्तीकर झाडीच्या कडेला राहिले, अर्बानाजवळच्या मोठ्या राईत, सॉल्ट फोर्क नाल्याच्या काठी. सरपण, कुंपण, घराचे लाकूड तिथेच मिळे. मोकळ्या माळावरच्या गवताच्या मुळ्या इतक्या दाट की ती जमीन मोडायला नांगराला चार-पाच बैलजोड्या लागत, आणि ओतीव लोखंडाच्या नांगराला काळी माती चिकटून बसे. त्यावर १८३७ साली इलिनॉयच्याच ग्रँड डिटूर गावातल्या जॉन डीअर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर केला. माती फाळावरून घसरू लागली.

नांगर आला, तरी माळ रिकामाच राहिला. का? कारण पिकवलेला मका न्यायचा कुठे? शिकागो सव्वाशे मैल, रस्ता चिखलाचा. गाडीभर मका तिथे पोचेपर्यंत गाडीभाड्यातच त्याची किंमत संपे. म्हणून शहाण्या माणसाने मका जनावरांच्या पोटात घातला आणि ती जनावरे पायी हाकत पूर्वेच्या बाजारात नेली. हा अडाणीपणा नव्हता, चोख हिशोब होता. शेतकऱ्याला आधुनिक शेतीचे ज्ञान नाही म्हणून तो मागे, असे सांगणारे विद्वान तिथेही होतेच.

आता जमिनीची मोजणी. तिथल्या सरकारने १७८५ च्या कायद्याने सगळा मुलूख चौकटींत कापला. सहा मैल लांब-रुंद एक टाउनशिप, तिचे ३६ चौकोन, प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. सोळावा चौकोन शाळेसाठी राखून. ना ओढा पाहिला, ना चढउतार. मोजणीची साखळी ६६ फुटांची. आपला गुंठा ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे बरोबर त्या साखळीची निम्मी बाजू. एकाच घरची मापे ही.

या चौकोनांच्या जोरावर १८५० साली रेल्वेचा सौदा झाला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैलांपर्यंत एकाआड एक चौकोन बांधणीसाठी दिले. जिथे ते आधीच विकले गेले होते तिथे दूरचे दिले. एकूण जवळजवळ २६ लाख एकर. उरलेल्या चौकोनांचा सरकारी भाव एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर झाला. म्हणजे निम्मी जमीन फुकट देऊनही सरकारचे काही गेले नाही. दिले ते जमीन घेणाऱ्याने. कंपनीने आपले चौकोन आणखी चढ्या भावाने, पण उधारीवर विकले. १८५७ साली मंदी आली आणि ते हप्ते गळ्याशी आले.

रूळ १८५४ साली या काउंटीत आले, पण अर्बानात नाही, गावाच्या पश्चिमेला दोन मैलांवर. स्टेशन तिथे, म्हणून धान्याची कोठारे तिथे, दुकाने तिथे. माळावर नवे गाव उठले, पश्चिम अर्बाना. १८६० साली त्याने शॅम्पेन हे नाव घेतले आणि जुन्या गावाला मागे टाकले. त्याच वर्षीच्या शिरगणतीत काउंटीची वस्ती १४,६२९, आणि १८७० साली ३२,७३७. वीस वर्षांत बारा पट. माती बदलली नव्हती, पाऊस बदलला नव्हता. मालाला वाट फुटली होती.

पण ती वाट एकाच्या हातात होती. स्टेशनावर रुळाला लागून धान्याची उंच कोठारे उभी राहिली, त्यांना एलेव्हेटर म्हणतात. मका तिथे घालायचा, तो प्रतवारीप्रमाणे इतरांच्या मक्यात मिसळायचा आणि शिकागोला जायचा. १८४८ साली निघालेल्या शिकागोच्या व्यापारी मंडळाने ही प्रतवारी बसवली. आमचे स्पष्ट मत आहे की प्रतवारी वाईट नाही. तिच्यामुळेच न बघता माल विकता येतो. वाईट हे की प्रत ठरवणारा, साठवणारा आणि वाहून नेणारा यांचे एकमेकांशी साटेलोटे. बोंडात बोट घालून ग्रेड सांगणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे फोड करून सांगायला नको.

१८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने या गोष्टीची गाठ आपल्या वऱ्हाडाशी बांधली. दक्षिणेचा कापूस अडला, म्हणून मँचेस्टरच्या गिरण्यांनी वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव दिला, आणि युद्ध संपताच भाव कोसळला. त्याच युद्धात मिसिसिपी नदीचा दक्षिणेकडचा मार्ग बंद झाला आणि इलिनॉयचा मका रेल्वेवर आणखीच अवलंबून पडला. युद्धानंतर मक्याचे भाव उतरले, भाडे त्या मानाने उतरले नाही. तिथे आणि इथे, दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हातात बाजाराची दोरी नव्हती.

मग तिथला शेतकरी उठला. १८६७ साली ग्रेंज ही संघटना निघाली. १८७० च्या राज्यघटनेत आणि १८७१ च्या कायद्यांत इलिनॉयने रेल्वे आणि गोदामांवर अंकुश आणला. शेजारच्या मॅक्लीन काउंटीत एक खटला झाला. शिकागोहून लाकूड आणायला लेक्झिंग्टन गावाला ब्लूमिंग्टनपेक्षा जास्त भाडे पडे, आणि लेक्झिंग्टन तर शिकागोला १६ मैल जवळ! राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने १८७३ साली रेल्वेचा कायदाच रद्द केला. तिथे न्यायाधीश निवडून येतात. जूनमध्ये शेतकऱ्यांनी सरन्यायाधीश लॉरेन्स यांना मतपेटीतून घरी पाठवले, आणि ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गावोगाव शेतकऱ्यांचे मेळावे भरवले. १८७७ साली मन खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कोठारांच्या भाड्यावर कमाल मर्यादा घालणे वैध ठरवले.

एवढ्यावर संपले नाही. शॅम्पेनच्या उत्तरेला इरोक्वॉइ काउंटीत गिलमन गाव आहे. तिथून न्यूयॉर्कला २६,००० पौंडांच्या डब्याला भाडे घेतले ६५ डॉलर. त्याच रेल्वेने पिओरियाहून तसल्याच डब्याला घेतले ३९ डॉलर. गिलमन न्यूयॉर्कला ८६ मैल जवळ. पिओरियाला नदी होती, कंपन्यांची चढाओढ होती; गिलमनपुढे तेवढे पर्याय नव्हते. १८८६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, राज्याबाहेर जाणाऱ्या मालाच्या भाड्यात राज्याने हात घालू नये. त्यावर १८८७ साली सगळ्या देशासाठी कायदा करावा लागला.

तुम्ही विचाराल, सरकारी हस्तक्षेप नको म्हणणारे आपण, या कायद्यांचे कौतुक कसे करता? फरक पाहा. मक्याचा भाव सरकारने बांधून द्यावा असे या कायद्यांत नव्हते. एकुलती एक वाट अडवून बसलेल्याने मनास येईल तो टोल घेऊ नये, एवढेच होते. आणि पिओरियाचे भाडे कायद्याने नव्हे, चढाओढीने उतरले होते.

राहिली चिबड जमीन. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांना एकत्र येऊन, आपल्यावरच पट्टी बसवून, निचऱ्याचे चर काढता आले. भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखाली तीन-चार फूट खोल पुरले, आणि काउंटीतली दलदल मक्याची शेते झाली. तंत्र नवे नव्हते, न्यूयॉर्क राज्यात ते १८३५ पासून माहीत होते. पण मका विकून त्या नळांचे पैसे निघतील अशी आशा दिसेपर्यंत कोण जमिनीत पैसा पुरणार? ब्रॉडलँड्स नावाचा वीस हजारांहून जास्त एकरांचा बडा मळा याच काउंटीत होता. मालक सलिव्हंट यांनी तो १८६६ साली विकला. निचऱ्याचा फायदाही सगळा कसणाऱ्याला मिळाला नाही: १८८० च्या गणतीत इलिनॉयमधली दर दहा शेतांपैकी तीन कुळांकडे होती.

आता आपले काम. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या गावापासून जिनिंग किती मैल, भाडे किती, हमाली, तोलाई आणि कटती किती, आणि त्याच दिवशी लांबच्या बाजारात भाव काय होता. ज्या गावांना एकच खरेदीदार आहे त्यांनी कागदावर तसे ठळक लिहावे. ते कागद आधी वाचू, ठराव नंतर.